अनुदान म्हणू नये, सवलत म्हणावे

दर वर्षी जानेवारी उजाडला की कचेरीतून करबचतीचे पुरावे सादर करण्याची सूचना येते, आणि साधारण त्याच मोसमात खाजगी शाळांतील गरीब व वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांच्या अर्जांचीही हाकाटी सुरू होते. पहिली सूचना आपल्यासाठी असते आणि दुसरी आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंसाठी. सुजाण आणि सधन पालकाने या दोन गोष्टी एकमेकींजवळ येऊ देऊ नयेत, कारण त्या शेजारीशेजारी ठेवल्या की चांगली कमाई असलेल्या कुटुंबाने मुलांसाठी सरकारकडून पैसे घ्यावेत काय, असा प्रश्न उगाचच उपस्थित होतो. वास्तविक त्या प्रश्नाचे उत्तर आपण फार पूर्वीच होकारार्थी देऊन मोकळे झालो आहोत. ते चारचौघांत उच्चारायचे नसते, एवढेच पथ्य आहे. प्रस्तुत लेखात त्या पथ्याचीच थोडी माहिती दिली आहे.

सुरुवात शब्दांपासून करावी. गरिबाला मुलासाठी सरकारकडून जे मिळते त्याला अनुदान म्हणतात, आणि निवडणुका जवळ आल्या म्हणजे त्याचीच रेवडी होते. आपल्याला जे मिळते त्याला सवलत, वजावट, भत्ता किंवा प्रोत्साहन म्हणतात. अनुदान मागावे लागते, वजावट मात्र दाखवावी लागते, आणि मागणे व दाखवणे यांत जो फरक आहे तोच सभ्यतेचा पाया आहे. सरकारी तिजोरीतून दिलेला रुपया आणि सरकारी तिजोरीत न भरलेला रुपया यांत हिशेबाच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही, असे काही अर्थशास्त्री म्हणतात, परंतु अर्थशास्त्र्यांना आपण एरवीही कुठे मनावर घेतो?

मुलांच्या शाळेच्या पावत्यांचे उदाहरण घ्या. जुन्या करप्रणालीतील, 80सी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलमान्वये दोन मुलांचे शिक्षण शुल्क दीड लाखाच्या मर्यादेत उत्पन्नातून वजा करता येते. आपण 30 टक्क्यांच्या पायरीवर असाल तर या दीड लाखामागे उपकरासह 46,800 रुपये वाचतात. आपला सहकारी 20 टक्क्यांच्या पायरीवर असेल तर त्याचे 31,200 वाचतात. ज्याचे उत्पन्न कराच्या कक्षेतच येत नाही त्याने शाळेला तेवढेच पैसे भरले तरी त्याचा एक छदामही वाचत नाही. म्हणजे जसजसे उत्पन्न वाढते तसतसे सरकारचे मुलावरील प्रेमही वाढते. पती आणि पत्नी दोघेही कमावते असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र मर्यादा मिळते, तेव्हा थोरल्याची पावती वडिलांनी आणि धाकटीची आईने लावावी आणि भांडण टाळावे. पावतीवर ‘शिक्षण शुल्क’ असे स्वच्छ लिहून घ्यावे, कारण बसचे भाडे, विकास निधी आणि स्नेहसंमेलनाची वर्गणी यांना हे कलम ओळखत नाही. ज्यांच्या भविष्य निर्वाह निधीनेच ही मर्यादा आधी भरून गेली आहे त्यांनी हळहळू नये, आणि ज्यांनी नवी करप्रणाली पत्करली आहे त्यांनी तर मुळीच नाही, कारण त्यांना पावत्या गोळा करण्याच्या कष्टांतूनही सवलत मिळाली आहे.

आपण केंद्र सरकारच्या सेवेत असाल तर आपले भाग्य आणखी थोर आहे. सातव्या वेतन आयोगाने अपत्य शिक्षण भत्ता दरमहा 2,250 रुपये ठरवला होता. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर पोचताच, 1 जानेवारी 2024 पासून, तो 2,812 रुपये 50 पैसे झाला. दोन मुलांपर्यंत हा भत्ता मिळतो आणि प्रत्यक्षात खर्च किती झाला हे कोणी विचारत नाही. मूल त्या वर्षी त्या शाळेत शिकत होते, एवढे मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र पुरते. वर्षाचे एका मुलामागे 33,750 रुपये होतात. त्यावर कर लागू शकतो हे खरे आहे, आणि ते आपण प्रत्येक वेळी आवर्जून सांगावे. मात्र राखीव जागेवर शिकणाऱ्या मुलासाठी महाराष्ट्र शासन शाळेला जी प्रतिपूर्ती देऊ करते ती वर्षाला 17,670 रुपये आहे, हे सांगण्याची काही गरज नाही. एक पैसा केंद्राचा आणि दुसरा राज्याचा, तेव्हा तुलनाच चुकीची आहे, असे म्हणून विषय बदलावा. शिवाय भत्ता आपल्याला मिळतो आणि ती प्रतिपूर्ती थकते. शाळाचालकांच्या संघटना थकबाकीसाठी वर्षानुवर्षे ओरडत आहेत आणि त्या ओरडीचा राग अनेकदा वर्गातल्या त्याच मुलांवर निघतो, परंतु तो प्रश्न शिक्षण खात्याचा आहे.

लेकींच्या बाबतीत तर सरकारने सर्वांचाच विचार केलेला आहे. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीसाठी लेक लाडकी योजना आहे. जन्मानंतर 5,000, पहिलीत 6,000, सहावीत 7,000, अकरावीत 8,000 आणि 18 वर्षे पूर्ण झाल्यावर 75,000 असे मिळून 1,01,000 रुपये होतात. वरचा एक हजार आहेरात वर एक रुपया ठेवतात तसा ठेवला असावा. ही योजना पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांसाठी आहे, आपले कार्ड पांढरे. परंतु निराश होऊ नये. आपल्यासाठी 22 जानेवारी 2015 रोजी पानिपत येथे सुकन्या समृद्धी योजनेचा प्रारंभ झाला आहे. पानिपत या नावाने मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो, पण या वेळी तेथून विजयाची वार्ता आली असे समजावे. वर्षाला दीड लाखापर्यंत कितीही भरा, 15 वर्षे भरा, 21 वर्षांनी काढा. सध्याचा 8.2 टक्के व्याजदर तसाच राहिला तर साडेबावीस लाख भरून सुमारे 70 लाख हाती येतील आणि त्यांतील व्याजावर एक पैसाही कर नाही. याच योजनेत ताईदेखील खाते उघडू शकतात. वर्षाला किमान 250 रुपये भरावे लागतात. त्यांनी 15 वर्षे न चुकता ते भरले तर 21 वर्षांनी त्यांच्या लेकीला सुमारे 12,000 रुपये मिळतील. योजना एकच, व्याजदर एकच, टपाल कार्यालयही एकच! समतेचे याहून ढळढळीत उदाहरण कोणाला हवे असेल तर त्याने ते स्वतः शोधावे.

आता दाखल्यांकडे वळू. आपल्या मुलांसाठी सरकारकडून काही घेताना आपण श्रीमंत आहोत हे सिद्ध करावे लागत नाही, हे आपल्या लक्षात आले असेलच. गरिबाला मात्र तो गरीब असल्याचे दर वर्षी नव्याने सिद्ध करावे लागते, आणि ते काम तो जन्मभर सराव करूनही फार वाईट करतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्यातील 12(1)(ग) या कलमाने विनाअनुदानित खाजगी शाळांतील प्रवेशवर्गाच्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे. लाख हा आकडा कानाला भरघोस लागतो, म्हणून त्याला बाराने भागू नये. भागल्यास महिन्याला 8,333 रुपये येतात. पुण्यात चार घरची कामे करणारी बाई आणि रिक्षा चालवणारा तिचा नवरा मिळून यापेक्षा अधिक कमावतात, म्हणजे खरे बोलले तर ते श्रीमंत ठरतात आणि त्यांनी आपल्या रांगेत उभे राहायला हवे.

आमच्याकडे येणाऱ्या ताईंचा अर्ज गेल्या खेपेस आम्हीच भरून दिला. एक सुशिक्षित नागरिक म्हणून हे कर्तव्य आपणही बजावावे, त्याने मनास फार समाधान लाभते. ताई ओला हात पदराला पुसत मोबाइलसमोर बसल्या. आधी घराची जागा नकाशावर दाखवायची असते, कारण एक किलोमीटरच्या आतील शाळांना प्राधान्य मिळते. त्यांची वस्ती नकाशावर हिरव्या रंगाचा एक मोकळा तुकडा होती. आम्ही अंदाजाने टाचणी रोवली तर ती नाल्यात पडली. उचलून पुढे सरकवली तर हवी ती शाळा 1.1 किलोमीटरवर गेली. घर भाड्याचे, करार कागदावर झालेला, पण नोंदणी केलेला नाही, आणि नोंदणी नसलेला करार चालत नाही. घरमालकाला विचारले तर नोंदणीचा खर्च कोण देणार, असे त्याने विचारले आणि दोन दिवसांनी खोली खाली करण्याचेही सुचवले. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ताईंनी तीन वेळा खाडा केला, म्हणजे तीन दिवस आमच्याकडे भांडी पडून राहिली. आमचे जे हाल झाले त्यांबद्दल शासनाने कोणतीही नुकसानभरपाई देऊ केलेली नाही. दाखला आला तो आईवडिलांच्या एकत्रित उत्पन्नाचा, 1,08,000 रुपयांचा. तलाठ्याने खरे विचारले आणि नवऱ्याने खरे सांगितले, असा हा दुहेरी अपघात होता. त्याच संध्याकाळी आम्ही आमच्या दोन्ही मुलांच्या फीच्या पावत्यांची छायाचित्रे काढून कचेरीच्या संकेतस्थळावर चढवली. सात मिनिटे लागली आणि ‘धन्यवाद’ असे अक्षरही उमटले.

काही उत्साही पालकांना आपल्या वाट्याच्या सवलती पुरत नाहीत आणि त्यांची नजर या राखीव जागांवरही जाते. त्यांना नाउमेद करण्याचा आमचा हेतू नाही, पण हे काम पगारदाराने करू नये. पगारदाराचा पैसा बँकेत दिसतो. रोखीने धंदा करणाऱ्याचे उत्पन्न मात्र तो सांगेल तेवढेच असते, आणि सांगण्यात तो नम्र असतो. ज्याच्या दुकानातील पंखेच महिन्याला चार हजारांची वीज खातात त्याचे वार्षिक उत्पन्न 96,000 असू शकते, हे भारतीय काटकसरीचे एक अद्भुत उदाहरण मानावे. शाळेजवळच्या नातेवाइकाच्या घराचा नोंदणीकृत भाडेकरार, सेतू केंद्राबाहेरच्या टपरीवरील जाणकार गृहस्थ आणि शाळेत सोडताना चारचाकी दोन गल्ल्या अलीकडे उभी करण्याची शिस्त एवढ्यावर पुष्कळदा भागते. मात्र पडताळणी समिती घरी येऊ शकते आणि बनावट कागदपत्रांबद्दल पालकांवर गुन्हेही दाखल झालेले आहेत, तेव्हा ज्यांना कायदेशीर मार्गाने याहून अधिक मिळते त्यांनी हा जोखमीचा मार्ग गरिबांकडेच सोपवावा. एक लाख आठ हजारांचे अठ्ठ्याण्णव हजार करण्याची गरज त्यांना अधिक आहे, आणि पकडले जाण्याची सवयही.

या राखीव जागांचे काय करावे याचा विचार शासनानेही केला होता. 9 फेब्रुवारी 2024 रोजी नियमांत बदल करून, ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या 25 टक्क्यांतून सूट देण्यात आली. नालाही नको आणि टाचणीही नको, अशी ती सुटसुटीत व्यवस्था होती. आपल्या मुलाच्या वर्गातील चौथा हिस्सा कोण असेल ही आपली काळजी एका कागदाने मिटली होती. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली, 19 जुलै रोजी तो बदल रद्दच केला, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. त्या वर्षीच्या गोंधळात गरिबाघरची मुले जूनमध्ये शाळेविना घरी बसली होती, हे खरे. आपली मुले तेव्हा शाळेत पोचली होती, त्यामुळे त्या प्रकरणाकडे तटस्थपणे पाहणे आपल्याला शक्य झाले.

मेजवानीत हा विषय निघालाच तर इंग्लंडचे उदाहरण द्यावे. आपला भाचा तेथे असतो, त्यामुळे त्या देशाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला आपोआप प्राप्त झालेला आहे. तेथे प्रत्येक मुलामागे दर आठवड्याला सरकार पैसे देते. 2013 पासून असे झाले की आईवडिलांपैकी एकाचे उत्पन्न 50,000 पौंडांच्या वर गेले की ते पैसे कराच्या रूपाने परत घ्यायला सुरुवात होई आणि 60,000 ला पूर्ण परत जात. एप्रिल 2024 पासून या मर्यादा 60,000 आणि 80,000 झाल्या. गंमत अशी की आईवडील दोघेही 59,000 मिळवत असतील तर एक लाख अठरा हजारांच्या घरात सगळे पैसे राहतात, आणि एकटी आई 80,000 मिळवत असेल तर तिचे सगळे जातात. या तऱ्हेवाइकपणावर आपण मनमुराद हसावे. मात्र श्रीमंतांच्या मुलांना दिलेले पैसे श्रीमंतांकडून कर म्हणून परत घेता येतात, ही त्यामागची कल्पना पानावरच्या श्रीखंडाबरोबर कोणाच्या गळी उतरू लागली तर ताबडतोब हवामानाकडे वळावे. भाच्याचा उल्लेखही तेथेच थांबवावा, कारण कामाच्या व्हिसावर असल्यामुळे त्याला ते पैसे अजून मिळतच नाहीत, आणि तो कर मात्र पहिल्या दिवसापासून भरतो. कर भरणाऱ्यालाच सवलत मिळावी, हे जे तत्त्व आपण इतका वेळ मांडत असतो, त्याला त्यामुळे जरा धक्का बसतो.

हे तत्त्व जपून वापरावे. ‘आम्ही कर भरतो’ हे वाक्य उच्चारताना फक्त आयकर डोळ्यांसमोर ठेवावा. ताई साबणावर, चपलेवर आणि मोबाइलच्या रिचार्जवर जो वस्तू आणि सेवा कर भरतात तो सुट्या पैशांत असल्यामुळे धरू नये. कोणी फारच नेट लावला तर 2015 साली आपण स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान देशासाठी सोडून दिले होते, हे सांगावे. दहा लाखांहून अधिक करपात्र उत्पन्न असलेल्यांना ते पुढच्याच वर्षी सरकारने बंद केले, तेव्हा आपण सोडले नसते तरी ते गेलेच असते, परंतु त्यागाच्या गोष्टीत तारखा विचारणे असभ्यपणाचे आहे.

एका धोक्याची सूचना मात्र गांभीर्याने दिली पाहिजे. काही मंडळी अशी निघाली आहेत की जी म्हणतात, ‘उत्पन्न विचारूच नका, प्रत्येक मुलाला सारखे द्या. श्रीमंतालाही द्या, आणि त्याच्याकडून करातून वसूल करा.’ वरवर पाहता हे आपल्या फायद्याचे वाटते आणि भोळा सधन पालक त्याला मान डोलावतो. त्याने असे करू नये. सर्वांना सारखे मिळू लागले की ते सर्वांना एकाच ठिकाणी मिळू लागते. सरकारी शाळेतली खिचडी आज कोणालाही दाखला न मागता मिळते, अट एवढीच की त्या शाळेत बसावे लागते. आपली मुले तेथे बसत नाहीत म्हणूनच त्या खिचडीचे काय होते हे आपल्याला वर्तमानपत्रातून कळते, आणि तेही विषबाधा झाली तर. आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर 2023 मध्ये झाला आणि जानेवारी 2025 मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून ते लोकसहभागातून द्यावे असे सांगण्यात आले. आपल्या सोसायटीत त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. तेच अंडे आपल्या चिरंजिवांच्या ताटातले असते तर त्याच रात्री व्हॉट्सॲपवर समूह निघाला असता, सकाळी आमदारांना निवेदन गेले असते आणि अंडे उकडलेले असावे की ऑम्लेट, यावर उपसमिती बसली असती. म्हणजे अंडे टिकले असते. हा त्रास कोणाला हवा आहे?

या बाबतीत आमचा स्वतःचा एक अनुभव सांगण्याजोगा आहे. पल्स पोलिओच्या रविवारनंतर दोन दिवसांनी अंगणवाडीच्या दोन सेविका खांद्याला निळी पेटी अडकवून आमच्या मजल्यावर आल्या. त्यांनी उत्पन्न विचारले नाही, शिधापत्रिकेचा रंग विचारला नाही, आधार कार्डही मागितले नाही. ‘पाच वर्षांखालचं बाळ आहे का घरात?’ एवढेच विचारले. आम्ही दार अर्धे उघडून सांगितले की आमच्या धाकटीचे सर्व डोस खाजगी बालरोगतज्ज्ञाकडे झाले आहेत आणि ते न दुखणारे होते. ‘असू दे, तरी द्यायचे असतात,’ असे म्हणून त्यांनी तिच्या तोंडात दोन थेंब सोडले, डाव्या करंगळीवर शाई लावली आणि आमच्या सागवानी दारावर खडूने खूण करून शेजारच्या दाराची घंटा वाजवली. आम्ही अर्ज केलेला नव्हता. कोणतीही पावती मिळाली नाही. वजावट कोठे दाखवायची हेही कोणी सांगितले नाही.

सोसायटीच्या सचिवांनी दारांवरील खुणांबद्दल निषेधाचे पत्र तयार केले आहे आणि त्यावर सह्या घेणे चालू आहे. खडू ओल्या फडक्याने पुसू नये, सागवानावर पांढरा डाग राहतो, आधी कोरड्या फडक्याने झटकावा. आम्ही ते काम ताईंना सांगितले. त्या दिवशी त्यांची धाकटी बरोबर आली होती, कारण अंगणवाडीला सुट्टी होती. आई दार पुसत असताना ती आणि आमची धाकटी जिन्याच्या पायरीवर बसून कोणाच्या करंगळीची शाई जास्त काळी आहे हे एकमेकींना दाखवत होत्या, आणि आम्ही आमच्या मुलीला आत बोलावले.